तुम्ही कोणता ‘स्टार वॉर्स’ पाहिलात?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेवर एक पानाचं टिपण होतं. ‘शेवटच्या तीन भागांनी मालिकेची घडी विस्कटली’ असं त्यात एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणीपासून चिकोडी-संकेश्वरपर्यंतच्या वाचकांनी लिहिलं. कुणी पाठ थोपटली, कुणी खडसावलं. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली : भांडणारे दोघे पुष्कळदा एकाच नावाचे दोन वेगळे चित्रपट पाहून आलेले असतात. म्हणून उत्तरांत आधी प्रत, वर्ष आणि प्रसंग सांगितले आहेत, मत त्यानंतर. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधलं ते मोठं रहस्य मात्र इथे कुठेच फोडलेलं नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांना ते पडद्यावरच कळायला हवं.

प्रश्न : माझी भाची बारा वर्षांची, मराठी शाळेत सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला ही मालिका दाखवायची आहे. दादा म्हणतात, ज्यावर ‘भाग एक’ लिहिलंय तिथून सुरुवात करायची, नाहीतर आकडे दिलेत कशाला? मी म्हणते, १९७७चा चित्रपट आधी. घरात दोन तट पडलेत.
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : दादांना सांगा, आकडे नंतर चिकटवलेले आहेत. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत पहिला चित्रपट लागला, तेव्हा सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात भागाचा आकडाच नव्हता. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’वर ‘भाग पाच’ असं आलं आणि १९८१मध्ये पहिला चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा त्याला ‘भाग चार : अ न्यू होप’ हे नाव मिळालं. ‘भाग एक’ म्हणजे ‘द फँटम मेनेस’ १९९९चा. प्रेक्षकाला आधीचे तिन्ही चित्रपट ठाऊक आहेत, असं धरूनच तो लिहिलेला आहे. तिथून सुरुवात केली तर पाचव्या भागातलं रहस्य तिसऱ्या भागातच उघडं पडतं. ज्या क्षणासाठी हा खटाटोप करायचा, तोच हातातून जातो.

तेव्हा क्रम असा ठेवा : चार, पाच, सहा, मग एक, दोन, तीन. पहिल्या तिघांची लांबी मूळ रूपात १२१, १२४ आणि १३१ मिनिटं, म्हणजे एकूण सव्वासहा तास. एका दिवसात उरकू नका, तीन संध्याकाळी तीन चित्रपट पुरेत. सुरुवातीचा सरकता मजकूर इंग्रजीत आणि तीन परिच्छेदांचा आहे. तो थांबवून मराठीत सांगा. बहुतेक मुलं गोंधळतात ती इथेच : कोण कुणाविरुद्ध लढतंय हे त्या मजकुरात सांगितलेलं असतं आणि पडद्यावर थेट पाठलाग सुरू होतो.

२०११पासून चाहत्यांत आणखी एक क्रम चालतो : चार, पाच, दोन, तीन, सहा. पाचव्या भागाच्या टांगत्या शेवटानंतर दोन आणि तीन पूर्वकथा म्हणून दाखवायचे आणि सहाव्याने समारोप करायचा. मोठ्यांना दुसऱ्यांदा पाहताना हा क्रम फार रंगतो. पण त्यात पहिला भाग गळतो आणि त्याचा नायक नऊ वर्षांचा मुलगा आहे. बारा वर्षांच्या मुलीला तोच सगळ्यांत जवळचा वाटण्याचा संभव आहे. शिवाय तिसरा भाग ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) या मालिकेतला पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं) हे अमेरिकी वर्गीकरण मिळालेला पहिला चित्रपट. शेवटाकडे माणूस जळताना दिसतो. तो भाग तुमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसून दाखवा. ‘रोग वन’ (२०१६) चौथ्या भागाच्या अगदी उंबरठ्यावर येऊन संपतो, म्हणून तो आधी दाखवायचा मोह होईल. आवरा. त्याचा शेवट जड आहे आणि ज्या जगाबद्दल अजून जिव्हाळाच नाही, तिथे तो वाया जातो.

एक विनंती दादांना : रहस्य ठाऊक असलेल्या प्रत्येकाने पाचवा भाग संपेपर्यंत तोंड मिटून बसायचं.

प्रश्न : खानावळीतल्या मारामारीनंतर टेबलाशी बसलेला हान सोलो आधी गोळी झाडतो, असं मला पक्कं आठवतं. माझा मुलगा म्हणतो, समोरचा हिरव्या तोंडाचा ग्रीडो आधी झाडतो. आम्ही पैज लावली आहे. आणि आमच्याकडची डिस्क कोणत्या प्रतीची, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पैजेचे पैसे दोघांनी वाटून घ्या. १९७७च्या प्रतीत फक्त हान झाडतो. १९९७मध्ये मालिकेचे जनक जॉर्ज लुकस यांनी तिन्ही जुने चित्रपट सुधारून पुन्हा पडद्यावर आणले. त्यात ग्रीडो आधी झाडतो, त्याचा नेम हातभर अंतरावरून चुकतो आणि हानची मान संगणकाने बाजूला सरकवलेली दिसते. २००४च्या डीव्हीडीत दोघांचे बार जवळजवळ एकाच वेळी उडतात. २०१९मध्ये ओटीटीवर आलेल्या प्रतीत ग्रीडो मरण्याआधी ‘मॅक्लंकी’ असा एक नवाच शब्द उच्चारतो. म्हणजे एका प्रसंगाची चार रूपं झाली.

चाहत्यांचा राग केवळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. हान हा कर्जात बुडालेला, स्वतःपुरतं पाहणारा तस्कर म्हणून आपल्यासमोर येतो आणि शेवटी मित्रांसाठी जीव धोक्यात घालून परततो. सुरुवातीला तो जितका निर्ढावलेला, तितकं ते परतणं मोठं. पहिला बार त्याच्या हातून काढून घेतला की ही चढण निम्मी होते. आमचं मत या बाबतीत स्पष्ट आहे : हा बदल चुकला.

आता डिस्क ओळखण्याची रीत. चौथा भाग लावा. सरकत्या मजकुरावर ‘भाग चार’ नसेल, तर मूळ रूप. पुढे जहाजतळावर जब्बा हा गोगलगाईसारखा अजस्र प्राणी हानशी बोलताना दिसला, तर १९९७ किंवा नंतरची प्रत. (तो प्रसंग मूळ चित्रीकरणात माणूस उभा करून घेतला होता, मग कापला; १९९७मध्ये त्या माणसावर संगणकाचा जब्बा चढवला.) मग पाचव्या भागात सम्राटाचं प्रकाशचित्र बोलतं तिथे या. तो चेहरा इयान मॅकडायर्मिड यांचा असेल, म्हणजे सहाव्या भागातल्या सम्राटाचाच, तर २००४ किंवा नंतरची. शेवटी सहावा भाग. जल्लोषाच्या वेळी उभ्या राहणाऱ्या तीन निळसर आत्म्यांत तिसरा चेहरा वयस्क असेल तर २००४च्या आधीची, तरुण असेल तर त्यानंतरची. सम्राट वीज सोडत असताना काळ्या मुखवट्याचा खलनायक व्हेडर ‘नो’ असं ओरडला, तर ती २०११ची ब्ल्यू-रे किंवा तिच्यावरून निघालेली प्रत. पाचही खुणा दहा मिनिटांत तपासून होतात.

मूळ रूप हवंच असेल तर २००६च्या दोन डिस्कच्या डीव्हीडी संचात ते जोडडिस्कवर दिलं होतं. पण १९९३च्या लेझरडिस्कसाठी बनवलेल्या प्रतीवरून ते उचललं आहे आणि चौकोनी चौकटीत बसवलेलं आहे. आजच्या रुंद टीव्हीवर चित्र मधोमध लहान दिसतं आणि चारही बाजूंना काळं राहतं. टीव्हीचा झूम वापरून ते भरता येईल, मात्र प्रत्यक्ष चित्राच्या ओळी कमी असल्याने ते मऊ, धुरकट दिसेल. तो डिस्कचा दोष नव्हे, त्यात तेवढीच माहिती आहे. जुनी डिस्क मागवताना रीजन क्रमांक पाहा : डीव्हीडीसाठी भारत पाचमध्ये येतो, अमेरिका एकमध्ये. साध्या प्लेअरवर अमेरिकेची डिस्क चालत नाही. ४के डिस्कना ही अडचण नाही, त्यांना रीजनचं बंधन नसतं.

हा प्रश्न चाहत्यांपुरता नाही. मार्च १९८८मध्ये खुद्द लुकस यांनी अमेरिकी संसदेसमोर जुने चित्रपट बदलण्याविरुद्ध, त्यांना नंतर रंग चढवण्याविरुद्ध साक्ष दिली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदीत निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘स्टार वॉर्स’ होता. जून २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची खरीखुरी फिल्म पडद्यावर चालवली. ती टेक्निकलरच्या छपाईपद्धतीने रंगवलेली असल्याने तिचे रंग टिकले. त्या काळच्या साध्या प्रतींतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी पडतं. सुधारित प्रत बनवण्याचा हक्क लुकस यांना होताच, पण मूळ प्रतही तितक्याच चांगल्या रूपात लोकांना मिळायला हवी.

प्रश्न : विज्ञानाच्या तासाला एका मुलाने विचारलं, ‘हानचं जहाज बारा पार्सेकपेक्षा कमीत जातं म्हणतो, पण पार्सेक हे अंतर आहे ना?’ वर्गात दोन पक्ष झाले. काय सांगावं?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. पार्सेक हे अंतरच : ३.२६ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे ३०.९ लाख कोटी किलोमीटर. बारा पार्सेक म्हणजे सुमारे ३९ प्रकाशवर्षं. सूर्याजवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी १.३ पार्सेकवर आहे. ‘मी दुकानात चार किलोमीटरपेक्षा कमी वेळात जातो’ असं कुणी म्हणावं, तसं हानचं वाक्य आहे.

चाहत्यांत इथे तीन मतं आहेत. पहिलं, लेखकाची चूक. दुसरं, हान वेळेबद्दल बोलतच नाही. धोक्याच्या जागांना खेटून त्याने रस्ताच लहान केला, ही त्याची फुशारकी. २०१८च्या ‘सोलो’ने हेच स्पष्टीकरण पडद्यावर आणलं. तिसरं मत सहसा मागे पडतं, पण आम्हाला तेच पटतं : हान थाप मारतोय. १९७६च्या पटकथेत त्या वाक्यानंतर सूचना आहे की, या उघड खोट्या माहितीने छाप पाडायचा सोलोचा वेडगळ प्रयत्न पाहून समोर बसलेला बेन (म्हणजे ओबी-वान) प्रतिक्रिया देतो. बेन झालेल्या अॅलेक गिनेस यांचा चेहरा त्या क्षणी नीट पाहा, म्हणजे वर्गाला उत्तर मिळेल.

पार्सेक शिकवायला हे वाक्य छान निमित्त आहे. मुलांना हात लांब करून अंगठा धरायला सांगा आणि एकेक डोळा मिटायला लावा. मागच्या फळ्यावर अंगठा सरकलेला दिसतो. तो हात म्हणजे ताऱ्याचं अंतर, दोन डोळे म्हणजे कक्षेतल्या पृथ्वीच्या दोन जागा. पृथ्वी ते सूर्य हे सुमारे १५ कोटी किलोमीटरचं अंतर ज्या ठिकाणाहून एक कोनसेकंदाएवढं, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाएवढं दिसेल, ते ठिकाण एक पार्सेकवर. हा कोन केवढा? दोन सेंटिमीटर रुंदीचं बटण सुमारे ४.१ किलोमीटरवरून दिसेल तेवढा. शाळेपासून चार किलोमीटरवरची मुलांच्या ओळखीची एखादी खूण सांगा आणि तिथे बटण ठेवलंय अशी कल्पना करायला लावा.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर ‘द लास्ट जेडाय’चा (२०१७) विषय निघाला की संपला. एक म्हणतो, इतका धाडसी भाग दुसरा नाही. दुसरा म्हणतो, ‘काय बोलूलालास तू, त्यो ल्यूक न्हवंच!’ तुमच्या टिपणाने आगीत तेल ओतलं. एकदाचा निकाल द्या.
— पाच मित्र, संकेश्वर

उत्तर : मागच्या टिपणातलं वाक्य ढोबळ होतं. २०१५, २०१७ आणि २०१९च्या तीन चित्रपटांना एकाच मापाने मोजायला नको होतं. (पुढे २०१७ आणि २०१९च्या भागांचं कथानक उघड होतं.)

कट्ट्यावर वाद फिरत राहतो, कारण चार वेगवेगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. एकाचं उत्तर दिलं की समोरचा दुसरी काढतो. म्हणून आधी विचारा : तक्रार जुन्या तीन चित्रपटांचा नायक ल्यूक याच्या स्वभावाची, या जगाच्या नियमांची, सोडून दिलेल्या धाग्यांची, की रचनेची?

ल्यूकपासून सुरुवात करू. विरोधकांचा पुरावा सहाव्या भागात आहे : सम्राटासमोर तो शस्त्र फेकून देतो, शत्रूतही चांगुलपणा आहे यावर जीव पणाला लावतो. तोच माणूस झोपलेल्या भाच्यावर शस्त्र उगारेल? समर्थकांचा पुरावाही जुन्याच चित्रपटांत सापडतो : पराभवानंतर त्याच्या गुरूंपैकी योडा दलदलीत जाऊन राहिला, ओबी-वान वाळवंटात. जगाकडे पाठ फिरवणं ही त्या गुरुपरंपरेतली जुनी खोड आहे. शिवाय त्या रात्रीचा प्रसंग तीनदा, तीन रूपांत दाखवला आहे आणि शेवटच्या रूपात ल्यूक क्षणभरात भानावर येतो. ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांनीही त्याच्याबद्दल दिग्दर्शक रायन जॉन्सन यांच्याशी आपले मूलभूत मतभेद असल्याचं उघड सांगितलं आणि ते जाहीर बोलल्याची खंतही नंतर व्यक्त केली. आमचं म्हणणं : निर्णय मालिकेच्या आतून पटवता येतो, पण तीस वर्षांत हा माणूस तिथवर कसा घसरला, ते दाखवायला चित्रपटाने मोजकीच मिनिटं दिली. ‘न्हवंच’ म्हणणाऱ्या मित्राला चुकलेलं वाटतं ते पात्र. खरी उणीव आहे मधल्या प्रवासाची.

नियमांची तक्रार जास्त टणक आहे. प्रकाशापलीकडच्या वेगात झेप घेत एक जहाज शत्रूच्या महाकाय जहाजावर आदळतं आणि त्याला चिरत जातं. दृश्य अप्रतिम; आवाज पूर्ण बंद करण्याची कल्पना तर फारच मोठी. पण हे जमत असेल तर ‘डेथ स्टार’ या शत्रूच्या महाकाय अवकाशतळावर रिकामी जहाजं का सोडली नाहीत? पुढच्या भागाला एका संवादात ‘लाखात एकदा जमतं’ असं सांगून हे भगदाड बुजवावं लागलं. उलट, ‘त्या वेगात पाठलाग करणारं यंत्र अचानक कुठून आलं?’ ही तक्रार टिकत नाही. ‘रोग वन’मध्ये कागदपत्रं शोधताना वाचल्या जाणाऱ्या नावांत ते येऊन गेलेलं आहे.

धाग्यांचं म्हणाल तर दोष एकट्या या चित्रपटाचा नाही. २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये जे. जे. अब्रम्स यांनी नायिका रे हिचे आईबाप कोण, हा प्रश्न टांगता ठेवला. २०१७मध्ये जॉन्सन यांनी उत्तर दिलं : कुणीच नाहीत, सामान्य माणसं. तिसरा भाग कॉलिन ट्रेव्होरो करणार होते, ते सप्टेंबर २०१७मध्ये बाहेर पडले आणि अब्रम्स परत आले. २०१९च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ने रेला सम्राटाची नात ठरवलं. त्याआधी, डिसेंबर २०१६मध्ये कॅरी फिशर गेल्या होत्या, त्यामुळे लेयाची भूमिका आधीच्या न वापरलेल्या चित्रीकरणातून उभी करावी लागली. ‘आधी आराखडा हवा होता’ हे खरंच; पण जुन्या तिघांचाही पूर्ण आराखडा नव्हता. ली ब्रॅकेट यांच्या १९७८च्या पहिल्या खर्ड्यात पाचव्या भागातलं ते प्रसिद्ध रहस्यच नव्हतं. फरक इतकाच की तेव्हा दिग्दर्शक बदलले तरी कथेची दोरी एकाच माणसाच्या हातात होती.

रचनेबद्दल : जुगारघराची सफर लांबली आहे आणि ती यशस्वी होवो वा न होवो, पाठलागाला फारसा फरक पडत नाही. इथे तुमचे दोन्ही पक्ष एकमत होतील असं वाटतं.

निकाल मागितलात, तर आमचा असा : ‘द लास्ट जेडाय’ हा खडबडीत पण स्वतःचं काही म्हणणं असलेला चित्रपट आहे. घडी विस्कटली ती २०१९ला, त्याचं म्हणणं पुसून टाकताना.

प्रश्न : एक, दोन, तीन या भागांना आम्ही कॉलेजात असताना नावं ठेवली. आता आमची मुलं तेच डोक्यावर घेतात. काय बदललं?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : चित्रपट तेच आहेत, पाहणारे बदलले. १९९९ ते २००५ या काळात जे आठ-दहा वर्षांचे होते, ते आज तिशीत आहेत आणि तेच त्यांचं पहिलं ‘स्टार वॉर्स’. २००८पासून ‘द क्लोन वॉर्स’ ही अॅनिमेशन मालिकाही आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमधली मोकळी जागा तिने भरली, त्यामुळे नायकाचं ढासळणं घाईचं वाटेनासं झालं. ही मालिका पाहून मग तिसरा भाग पाहा. तो खरोखर वेगळा लागतो.

दोन तक्रारी मात्र अजून खऱ्या आहेत. पहिली ‘मिडीक्लोरियन’ नावाच्या रक्तातल्या सूक्ष्म जीवांची. १९७७मध्ये ‘फोर्स’ ही सर्वांना व्यापणारी शक्ती होती, साधनेने कुणालाही गवसू शकेल अशी. १९९९मध्ये तिची मोजणी रक्ताच्या थेंबातून झाली आणि मुलाचा आकडा वीस हजारांवर निघाला. साधनेच्या जागी जन्म आला. जुन्या प्रेक्षकांना लागलं ते हेच. दुसरी चित्राची. ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) सोनीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर १०८० ओळींत टिपला आणि रुंद पडद्यासाठी वरचा-खालचा भाग कापल्यावर सुमारे ८०० ओळी उरल्या. त्याची ४के प्रत घेतली तरी मूळ तपशील वाढत नाही. १९७७चा चित्रपट ३५ मिमी फिल्मवर असल्याने ४केमध्ये खुलतो. म्हणून जुना चित्रपट नव्यापेक्षा ताजा दिसतो, यात तुमच्या टीव्हीचा दोष नाही.

टीव्हीचा दोष असतो तो दुसरीकडे. ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) चालू असेल तर हे तीन भाग थेट दूरदर्शन मालिकेसारखे दिसतात. ते बंद करा, चित्राचा मोड ‘सिनेमा’ ठेवा, शार्पनेस शून्याजवळ आणा. निम्म्या शिव्या तिथेच कमी होतील.

प्रश्न : गॅदरिंगला दहा मिनिटांचं नाट्य बसवतोय. प्रकाशतलवारीचं द्वंद्व जुन्या पद्धतीचं संथ घ्यावं की नव्या भागांसारखं वेगवान, यावरून तालमी अडल्यात. आणि तलवार बनवायची कशी?
— कॉलेजचे विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : संथ घ्या. १९७७च्या चित्रीकरणात दांड्यांवर प्रकाश परतवणारं वेष्टन चढवून ते मोटरवर फिरवत. जोराचा मार बसला की ते मोडत. म्हणून वार मोजके, दोन्ही हातांनी, जड. १९९९नंतर निक गिलार्ड यांनी कसलेल्या योद्ध्यांची वेगवान लढत बसवली. तिला महिनोन् महिने सराव लागतो आणि रंगमंचावर दहाव्या रांगेतून नुसती प्रकाशाची गिचमिड दिसते. २०१५पासून चित्रीकरणातच उजळणारी पाती वापरली, म्हणून चेहऱ्यांवर त्यांचा प्रकाश पडतो. तुम्हाला हवं आहे ते हेच.

पातं : पॉलिकार्बोनेटची दुधी नळी, बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी २ ते ३ मिमी, लांबी ८० सेंमी. अॅक्रिलिक घेऊ नका. ते फुटतं आणि धारदार तुकडे उडतात. आत ५ व्होल्टची एलईडी पट्टी, ८०-८० सेंमीचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून. एकच लावली तर पातं फिरवताना एक बाजू काळी पडते. बाहेरून दिव्यांचे ठिपके दिसले तर आत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी सरकवा. दोन्ही तुकडे मिळून साधारण दीड अँपिअर ओढतात, त्यामुळे पॉवरबँकेचा २ अँपिअरचा तरी पोर्ट हवा. पॉवरबँक कमरेला, वायर बाहीतून. मूठ : ३२ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा अॅल्युमिनियम पाइप, २८ सेंमी. उद्यमबागेतला कुणीही टर्नर तो कापून, कडा मारून, पातं धरायला एम४च्या दोन ग्रब स्क्रूंची आटी पाडून देईल. पातं मुठीत किमान १० सेंमी आत जाऊ द्या. सहा सेंमीवर थांबलात तर पहिल्या घावाला ते स्क्रूपाशी तडकतं. वार नेहमी पात्याच्या मधल्या भागावर घ्या, टोकावर नको. एलईडीचे सांधे टोकाला सुटतात.

आवाज रेकॉर्डवरून उचलण्याची गरज नाही. बेन बर्ट यांनी तो प्रोजेक्टरच्या मोटरची घुमी आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून केला. मग तो स्पीकरवर वाजवत त्यापुढून मायक्रोफोन झपकन फिरवला. झोताचा ‘व्हूऽम’ त्यातून आला. तुम्ही पिठाच्या गिरणीची मोटर रिकामी फिरत असताना फोनवर मिनिटभर टिपा, स्पीकरवर लावा, दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो स्पीकरसमोरून वेगवेगळ्या वेगाने फिरवा. दहा-बारा झोत टिपलेत की पुरे.

प्रश्न : गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये चौथा भाग दाखवून नंतर चर्चा ठेवायची आहे. मागच्या वेळी दुसऱ्याच एका चित्रपटाला संवादच ऐकू आले नाहीत आणि चर्चेत नुसती आरडाओरड झाली.
— मंडळाचे कार्यकर्ते, वडगाव

उत्तर : आधी परवानगी. घरची डिस्क किंवा ओटीटीचं खातं घरच्या पाहण्यापुरतं असतं. प्रवेश मोफत असला तरी जाहीर खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते.

संवाद गेले असतील ते बहुधा असे : डिस्कवर आवाज सहा वाटांचा (चॅनेलचा) असतो आणि बोलणं मधल्या वाटेवर. प्लेअर सहा वाटा सोडतोय आणि तुम्ही डावा-उजवा असे दोनच स्पीकर जोडलेत, तर संगीत आणि स्फोट येतात, माणसं मुकी होतात. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ निवडा, म्हणजे मधली वाट दोन्हीकडे मिसळली जाते. ब्लूटूथ स्पीकर टाळा; ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मित्रमंडळींत कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे दोन्ही असणार, तेव्हा इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, सगळ्यांना आधार होतो.

चित्राची रुंदी उंचीच्या २.३९ पट आहे. दहा फूट रुंद पडद्यावर ते सव्वाचार फुटांपेक्षा किंचित कमी उंच पडेल; वरखाली काळ्या पट्ट्या राहणारच, त्या घालवायला चित्र ताणू नका. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असलेला प्रोजेक्टर पडद्यापासून १५ फुटांवर ठेवा. पुढच्या रांगेतल्या डोक्यांमागे सबटायटल झाकली जाऊ नयेत म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी.

चर्चेसाठी दारातच प्रत्येकाला चिठ्ठी द्या. त्यावर दोनच गोष्टी : या मालिकेतला पहिला चित्रपट कोणता पाहिला आणि तेव्हा वय किती होतं. चर्चेच्या सुरुवातीला त्या वाचा. एकाने १९९७ची प्रत पाहिलेली, दुसऱ्याने २०१९ची, तिसऱ्याची सुरुवात थेट ‘द फोर्स अवेकन्स’पासून, हे समोर आलं की आवाज आपोआप खाली येतात. मग एकच प्रसंग निवडून पुन्हा लावा, तीन मिनिटांचा, आणि त्यावरच बोला. ज्याला मालिकेच्या दुसऱ्या भागाचा दाखला द्यायचा असेल, त्याने भाग आणि प्रसंग सांगायचा, नुसतं ‘सगळं बिघडवलं’ चालणार नाही.

आणि लाइट जाण्याची सोय पाहा. जुन्या, दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि दिवा स्वतःच्याच उष्णतेने खराब होतो. एक केव्हीएचा यूपीएस लावा आणि वीज गेली की चित्रपट पुढे रेटू नका. त्या पाच मिनिटांत प्रोजेक्टर रीतसर बंद करून पंखा थांबेपर्यंत वाट पाहा. वीज आल्यावर दिवा पुरता थंड झाल्याशिवाय पुन्हा चालू करू नका, गरम असताना तो पेटत नाही.